फक्त तुम्हालाच येतोय हा प्रॉब्लेम

२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमची वहिनी नारायण पेठेत दोन खोल्यांचं ऑफिस चालवते, जीएसटी, इन्कम टॅक्स, दुकानदारांचे हिशेब असलं सगळं, आणि तिच्याकडे तपकीर गल्लीतला एक इलेक्ट्रिक मालाचा होलसेलवाला आहे. त्याचं जानेवारीचं रिटर्न ११ तारखेच्या आत जायला हवं होतं आणि ६ तारखेपासून बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली फाईल जीएसटीच्या पोर्टलवर चढवली की एरर. एररमधे काय लिहिलंय ते कुणालाच कळत नव्हतं, फक्त चढत नाहीये एवढंच. (सॉफ्टवेअरचं नाव सांगत नाही. हे काही त्यांचं एकट्याचंच नाहीये.)

तिने सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टला फोन केला. पहिला म्हणाला कॅशे (ब्राउझरने साठवून ठेवलेलं जुनं) क्लिअर करा. दुसरा म्हणाला सॉफ्टवेअर काढून परत टाका, बॅकअप आहे ना मॅडम. तिसऱ्याने सांगितलं आमच्या बाजूने सगळं ओके आहे, पोर्टलचाच घोळ असणार, आणि बाकी कुणाची अशी कम्प्लेंट नाहीये, फक्त तुम्हालाच येतोय हा प्रॉब्लेम. तिघंही इतकं गोड बोलले की फोन ठेवल्यावर वहिनीला क्षणभर वाटलं काम झालंच. मग तिने परत फाईल चढवली आणि परत तेच लाल अक्षरातलं.

१० तारखेला संध्याकाळी चौथा फोन, या वेळी एक मुलगी होती. तिने कॅशेचं नावच काढलं नाही. म्हणाली मॅडम, अर्ध्या बिलांची वेगळी फाईल काढा आणि ती चढवून बघा. चढली. आता उरलेल्या अर्ध्या बिलांची. नाही चढली. मग त्या अर्ध्यातली अर्धी, परत त्यातली अर्धी, असं करत करत दोघी एका बिलापाशी येऊन थांबल्या. ९९९ नंबरचं बिल चढत होतं, १००० नंबरचं चढत नव्हतं.

ज्यांना माहिती आहे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. जीएसटीच्या नियमात बिलाचा नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा चालतो, आकडे, आडवी रेघ, तिरकी रेघ सगळं धरून. ह्या दुकानदाराचा नंबर म्हणजे दुकानाच्या नावाची ३ अक्षरं, तिरकी रेघ, मग २०२४-२५, परत तिरकी रेघ, मग बी आणि आकडा. मोजून बघा, ९९९ पर्यंत बरोबर १६. हजाराव्या बिलाला १७. वर्षभर धंदा चांगला झाला हीच त्या बिचाऱ्याची चूक.

पुढे त्या बिलांचं काय करायचं ते वहिनीचं काम, ते तिने केलं, रात्री साडेनऊला रिटर्न गेलं. पण फोन ठेवायच्या आधी ती मुलगी जे म्हणाली ते वहिनीने मला दोनदा सांगितलं. "मॅडम, ही चूक आमची आहे. सतरावं अक्षर आमच्या सॉफ्टवेअरने तुम्हाला टाकूच द्यायला नको होतं. मी हे वर पाठवते." आणि खरंच पाठवलं असणार, कारण एप्रिलच्या अपडेटनंतर नंबर लांब झाला की आता आधीच पिवळी पट्टी येते.

तर सपोर्ट चांगला कशाला म्हणायचं ह्यावर माझं म्हणणं एवढंच आहे की फोनवरच्या माणसाला "आमचं चुकलं" म्हणायची मुभा असली पाहिजे, आणि त्याने जे ऐकलं ते कोड लिहिणाऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे. चोवीस तास चालू, दोन मिनिटात रिप्लाय, "आणखी काही मदत करू का सर", हे सगळं असलं तर छानच, पण ते लग्नातल्या अत्तरासारखं आहे, जेवण वेगळं असतं.

आता हे मी कुठल्या तोंडाने बोलतोय ते पण सांगतो. मी स्वतः नऊ वर्षं सपोर्टला होतो. हिंजवडी फेज टू, अमेरिकन शिफ्ट, संध्याकाळची कॅब आणि पहाटे वाकडला चहा. त्यामुळे वहिनीने मोबाईलवर त्या कॉलची वेळ दाखवली, ४७ मिनिटं, तेव्हा ती खुशीत होती आणि मला मात्र कसंतरीच झालं. कारण आमच्याकडे कॉल सरासरी नऊ मिनिटात संपवायचं टार्गेट होतं, एएचटी म्हणायचे त्याला, आणि रोज सकाळी शीट यायची त्यात ज्याचा आकडा वर गेला त्याचा रकाना लाल. ४७ मिनिटांचा एक कॉल म्हणजे दिवस गेला. त्या मुलीचा रकाना त्या दिवशी लाल झाला असणार आणि कॅशे क्लिअर करा सांगून चार मिनिटात फोन ठेवणाऱ्या पहिल्याचा हिरवा. तो पहिला मुलगा आळशी नाहीये हो, तो हुशार आहे, त्याला कळलंय की कंपनी काय मोजते.

ह्यातल्या युक्त्या बाहेरच्यांना माहिती नसतात म्हणून सांगतो, आता मला कोण काय करणार. तिकिटाला, म्हणजे तुमच्या तक्रारीच्या नोंदीला, एक स्टेटस असतं, पेंडिंग कस्टमर. म्हणजे आम्ही तुमच्या उत्तराची वाट बघतोय. ते लावलं की एसएलएचं, म्हणजे किती वेळात काम करून द्यायचं त्या कराराचं, घड्याळ थांबतं. मग शुक्रवारी संध्याकाळी काय करायचं, तर ज्या तिकिटाला हात लावायला वेळ नाही त्याच्यावर "कृपया लॉग फाईल पाठवा" असा मेल टाकायचा आणि स्टेटस पेंडिंग कस्टमर. लॉग त्या माणसाने आधीच पाठवलेले असतात! तो चिडून सोमवारी परत पाठवतो, तोपर्यंत आपलं घड्याळ बंद आणि वीकेंड सुखात. मी हे केलंय. एकदा नाही, बऱ्याचदा. दुसरं म्हणजे बंद केलेलं तिकीट परत उघडलं तर ते आपल्या नावावर लागतं, म्हणून गिऱ्हाईकाला सांगायचं की तुम्ही नवीन तिकीट टाका ना, म्हणजे तुमच्याकडे जास्त लक्ष देता येईल. आणि तुमच्या करारात "चार तासांत प्रतिसाद" असं लिहिलेलं असतं ना, ते जरा नीट वाचा, कितीतरी ठिकाणी "तुमची विनंती मिळाली" हा आपोआप जाणारा मेल हाच प्रतिसाद धरतात.

एलवन, एलटू, एलथ्री, म्हणजे फोन उचलणाऱ्यापासून वरच्या तज्ज्ञापर्यंतच्या सपोर्टच्या पायऱ्या, ही भानगड पण सरकारी ऑफिसातल्या टेबलांसारखीच आहे. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते आणि प्रत्येक टेबलावर तुम्ही पहिल्यापासून सगळं सांगायचं. एलवनला कोड दिसत नाही आणि एलथ्रीला माणूस दिसत नाही. एलवनचा पोरगा दिवसाला तीस जणांचं ऐकतो, त्याला कुठल्याही मॅनेजरच्या आधी कळलेलं असतं की मंगळवारच्या अपडेटनंतर काहीतरी बिघडलंय, पण त्याला ते सांगायला जागाच नसते. फॉर्ममधे तसा रकानाच नाही.

आता "फक्त तुम्हालाच येतोय" ह्या वाक्याकडे येऊ, कारण मला सगळ्यात जास्त राग ह्याचा आहे. हे वाक्य किती महागात पडू शकतं ते बघायचं असेल तर ब्रिटनमधल्या पोस्टाचं प्रकरण वाचा. तिथे १९९९ पासून पोस्टाच्या शाखांमधे होरायझन नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं, फुजित्सूचं. तिथली छोटी पोस्टं चालवणारे सबपोस्टमास्टर म्हणजे जवळजवळ दुकानदारच, हिशेबात तूट आली तर खिशातून भरायची असा करार. सॉफ्टवेअरमधे बग होते, नसलेली तूट दिसायला लागली. लोकांनी हेल्पलाईनला फोन केले आणि कित्येकांना उत्तर मिळालं की बाकी कुणाला असा त्रास नाही. एका बाईने तर साक्षीत सांगितलंय की हेल्पलाईनवर सांगतील तसं केलं तर तूट डोळ्यांदेखत दुप्पट झाली. लोकांनी घरं गहाण टाकून पैसे भरले, ९०० पेक्षा जास्त जणांना चोरी, अफरातफर असल्या गुन्ह्यांत दोषी ठरवलं, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. २०१९ मधे लंडनच्या हायकोर्टाने सॉफ्टवेअरमधे बग होते हे मान्य केलं आणि २०२४ मधे तिथल्या संसदेने ह्या शिक्षा रद्द करायला वेगळा कायदा केला.

आणि ह्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे फुजित्सूकडे माहीत असलेल्या चुकांची नोंद होती. नोन एरर लॉग म्हणतात, आमच्याकडेही असायची, प्रत्येक कंपनीत असते. म्हणजे सॉफ्टवेअर असं असं चुकतं हे आतल्या लोकांनी लिहून ठेवलेलं होतं, ते बाहेर आलं कोर्टात. फोन करणारा प्रत्येक माणूस मात्र समजत होता की आपणच एकटे, आपलंच गणित चुकतंय. आता कुणी म्हणेल कुठे ब्रिटनचं पोस्ट आणि कुठे तपकीर गल्लीतलं बिल. पण वाक्य तेच आहे ना! वहिनीला पण दोन दिवस वाटत होतं की तिच्याच ऑफिसातल्या मुलीने काहीतरी चुकीचं टाइप केलंय, आणि तिने त्या मुलीला बोलून पण घेतलं होतं.

ह्याच्या बरोबर उलटं उदाहरण गिटलॅबचं, प्रोग्रामरांचा कोड ठेवून घेणारी कंपनी आहे ती. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनियरने दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड मारली, चालू डेटाबेस उडाला, आणि मग कळलं की बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयी केल्या होत्या त्यातली एकही धड चालत नव्हती. दुसरी कंपनी असती तर "काही तांत्रिक अडचणींमुळे" असं एक ओळीचं पत्रक काढून गप्प बसली असती. ह्यांनी काय केलं, तर दुरुस्ती कशी चालू आहे ते सगळ्यांना वाचता येईल अशा डॉक्युमेंटमधे लिहीत गेले आणि यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. साधारण सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. पण लोकांनी शिव्या घालायच्या ऐवजी धीर दिला. चूक लपवली नाही तर गिऱ्हाईक पळून जातं ही जी भीती मॅनेजमेंटला असते ना, ती मला तरी नऊ वर्षांत एकदाही खरी झालेली दिसली नाही. गिऱ्हाईक पळतं ते तिसऱ्यांदा तेच उत्तर ऐकल्यावर.

इथे पुणेकर म्हणून एक आगाऊ मुद्दा. आपल्याला जग उद्धट म्हणतं, एक ते चार बंद वगैरे जोक आता जुने झाले, पण सपोर्टच्या बाबतीत आपलं काहीतरी बरोबर होतं असं मला वाटतं. अप्पा बळवंत चौकात पुस्तक मागा, काका मान वर न करता सांगणार "नाही. संपलंय. पुढच्या महिन्यात. घाई असेल तर समोर तिसऱ्या दुकानात विचारा." पाच सेकंदात तुम्हाला चार गोष्टी कळल्या. आहे का, कधी येईल, तोपर्यंत काय करायचं, कुणाकडे जायचं. हेच सपोर्टवाल्याला विचारा, तो तीन मिनिटं तुमच्या असुविधेबद्दल खेद व्यक्त करेल आणि ह्या चारातली एकही गोष्ट सांगणार नाही. मला ते काका परवडले. अर्थात काकांनी मान वर केली असती तर काही बिघडलं नसतं, पण ते असो.

भाषेचं पण बोललं पाहिजे. मराठीत सपोर्ट म्हणजे "कृपया प्रतीक्षा करा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" नव्हे. लोक काय सांगतात बघा, "ते गोल गोल फिरतंय", "मघाशी चालत होतं", "काहीतरी पाटी आली आणि गेली", "हँग मारतंय". सासवडचा पंपवाला काका जेव्हा "नेट गेलं" म्हणतो तेव्हा नेट गेलेलं असतंच असं नाही, प्रिंटर बंद असेल, पासवर्ड संपला असेल, काहीही. ह्या बोलण्यातून नेमकं काय झालंय ते काढणं हे खरं कसब आहे आणि ते इंग्रजी स्क्रिप्टचं मराठी करून येत नाही. मला माझ्या पहिल्या टीम लीडने शिकवलेले दोन प्रश्न आजही पुरतात, शेवटचं नीट कधी चाललं होतं, आणि त्यानंतर काय बदललं. लोक दुसऱ्याला हमखास "काहीच नाही बदललं" म्हणतात, मग जरा गप्प बसायचं, मग ते म्हणतात "हां, तसं भाच्याने काल अपडेट मारलं".

कंपन्या फोन नंबर लपवतात त्याचा वेगळाच भुर्दंड आपल्याला बसतो. ॲपमधे नंबर कुठेच नाही, चॅटमधे बॉट, मग माणूस काय करतो, गूगलवर कस्टमर केअर नंबर शोधतो आणि चोराने टाकलेला नंबर सापडतो. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांचं असंच झालं. पलीकडचा माणूस पहिल्याच रिंगला उचलतो, मराठीत बोलतो, आजोबांना आजोबा म्हणतो, शांतपणे एकेक पायरी सांगतो आणि शेवटी स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतो. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क ह्या असल्याच ॲपबद्दल इशारा दिला होता २०१९ च्या फेब्रुवारीत, तरी हे चालूच. (असं झालंच तर पहिलं काम १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन.) मला ह्यात जे टोचतं ते असं की खऱ्या कंपनीने जी सेवा द्यायला हवी ती चोर देतोय. फोन उचलतो हो तो! नंबर लपवून कंपनीचा जो खर्च वाचतो तो आजोबांच्या खात्यातून जातो, आणि त्यासाठी कंपनीला कुणी जाब विचारत नाही. माझ्या मते विचारला पाहिजे. पैसे हाताळणाऱ्या प्रत्येक ॲपला पहिल्या पानावर माणसाने उचलायचा नंबर सक्तीचा करावा, बाकी नियम नंतर.

ह्यावर मला जे ऐकवलं जातं ते पण खोटं नाहीये. लोक महिन्याला शंभर रुपये देणार आणि वर्षभर इंजिनियर उशाशी हवा म्हणणार. मॅन्युअल वाचणार नाहीत. स्क्रीनशॉट मागितला तर मोबाईलने मॉनिटरचा फोटो काढून पाठवतील, तोही एरर सोडून बाकी सगळं दिसेल असा. मला एकाने रात्री अडीचला शिव्या घातल्या होत्या आणि शेवटी त्याचा कॅप्स लॉक चालू होता. मान्य. पण सतराव्या अक्षराचं गणित करून बघा ना. पिवळी पट्टी घालायला डेव्हलपरला फार तर एक दिवस लागला असेल. ती नव्हती म्हणून एका वहिनीचे चार कॉल, तशा वहिन्या राज्यात किती असतील, प्रत्येकीचे चार, आणि ते सगळे कॉल पगारी माणसंच घेतायत. चांगला सपोर्ट महाग नसतो, तेच ते कॉल परत परत घेणं महाग असतं, फक्त तो खर्च वेगळ्या बजेटमधे जातो म्हणून डेव्हलपमेंटच्या साहेबांना तो दिसत नाही.

म्हणून मला वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीची पद्धत आवडते. तिथे नवीन माणूस कुठल्याही पदावर येऊ दे, सुरुवातीचे काही आठवडे सपोर्टला बसून गिऱ्हाईकांना उत्तरं द्यायची. आपल्याकडे हे सुचवून बघा. आपल्याकडे स्थळ बघताना सुद्धा विचारतात, मुलगा डेव्हलपमेंटला आहे की सपोर्टला? मला विचारलंय, आणि मी "सपोर्टला" म्हटल्यावर पलीकडच्या काकूंनी पोह्यांची बशी जरा अलीकडे ओढल्यासारखी वाटली होती. अशी किंमत असल्यावर जो बरा असतो तो दोन वर्षांत तिथून निघायच्या मागे लागतो आणि खुर्चीत कायम नवशिकेच. आणि तरी १९ जुलै २०२४ ला, क्राउडस्ट्राईक ह्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने ८५ लाख विंडोज मशीन निळा स्क्रीन येऊन बंद पडली, इंडिगोवाले हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत होते, तेव्हा एकेका मशीनपाशी जाऊन सेफ मोडमधे त्या अपडेटची बिघडलेली फाईल उडवायला कोण गेलं? हीच पोरं. डिस्क लॉक असेल तर ४८ आकडी किल्ली फोनवर वाचून दाखवायची, पलीकडच्याने एक आकडा चुकवला की पुन्हा पहिल्यापासून. माझा एक जुना सहकारी दोन दिवस घरी गेला नव्हता.

बॉटबद्दल फार लिहीत नाही. पासवर्ड बदलून द्यायला बॉट उत्तम आहे, माणूस कशाला हवा. पण बॉट जे बोलला त्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न कॅनडात आला होता. एअर कॅनडाच्या बॉटने एका प्रवाशाला नातेवाईक वारल्यावरच्या सवलतीची चुकीची माहिती दिली, कंपनीचा बचाव असा की बॉटच्या बोलण्याला बॉटच जबाबदार. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या लवादाने हे उडवून लावलं आणि पैसे द्यायला लावले. "आमचं चुकलं" हे बॉटला एका दिवसात शिकवता येईल, शिकवलंय पण बऱ्याच जणांनी, सारखा सॉरी म्हणत असतो. पण त्या मुलीच्या "मी हे वर पाठवते" मधे जो "मी" होता तो कुठून आणणार.

तर वहिनी. पिवळी पट्टी बघून ती इतकी खूश झाली की तिला त्या मुलीचं कौतुक कळवायचं होतं. फीडबॅकच्या लिंकमधे पाच चांदण्या आणि "तुमचा प्रॉब्लेम किती वेळात सुटला" एवढंच, नाव लिहायला जागा नाही. मग तिने सपोर्टच्या मेलवर चांगलं पानभर मराठीत लिहून पाठवलं, तारीख, वेळ, अर्ध्याचं अर्धं कसं केलं ते सगळं. मी म्हटलं मॅनेजरपर्यंत गेलं तर त्या लाल रकान्याचं काहीतरी होईल. लगेच उत्तर आलं, तिकीट नंबरसकट, आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क करतील. दोन दिवसांनी दुसरा मेल, कृपया एररचा स्क्रीनशॉट पाठवा. वहिनीने मला फोन करून विचारलं, भावजी, आता ह्यांना काय पाठवू? मी म्हटलं काही नको, ते पेंडिंग कस्टमरला गेलंय. आठवड्याने तिसरा मेल आला की आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने तिकीट बंद करत आहोत.